बर्बन चाखताना स्कॉचची फूटपट्टी बाजूला ठेवा

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बन या अमेरिकी व्हिस्कीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, आणि इतर परदेशी मद्यांवरील शुल्क त्या वेळी होते तसेच ठेवले. बातमी मोठी झाली, तरी दुकानातली किंमत त्याच प्रमाणात उतरली नाही. शंभर रुपयांना बंदरात उतरलेला माल पूर्वी शुल्कासह अडीचशेला पडत असे, तो या कपातीनंतर दोनशेला पडू लागला. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क, विक्रीकर आणि विक्रेत्याचा नफा हे सारे वेगळे चढते. एवढे मात्र झाले की ज्यांनी आजवर फक्त स्कॉच किंवा भारतीय व्हिस्की घेतली होती, असे अनेक जण आता बर्बनच्या बाटलीकडे कुतूहलाने पाहू लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया ‘गोड आहे’ किंवा ‘घशाला लागते’ एवढ्यावर थांबते, आणि पुढची तक्रार असते ती बाटलीवर बारा किंवा अठरा वर्षांचा आकडा नसल्याची. या तिन्ही तक्रारी एकाच कारणातून निघतात: अमेरिकी व्हिस्की स्कॉचच्या मापाने मोजली जाते, आणि ते माप तिला लागू पडत नाही.

बर्बन म्हणजे नेमके काय?

बर्बन फक्त केंटकी राज्यात बनते, असा समज अमेरिकेतही आढळतो. प्रत्यक्षात ती अमेरिकेत कुठेही बनवता येते. बहुतांश बर्बन केंटकीत बनते, हे मात्र खरे. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. तिचे नियम कायद्याने ठरलेले आहेत आणि ते चांगलेच काटेकोर आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनानंतर अल्कोहोल ८० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, म्हणजे धान्याचा स्वाद पुरता धुऊन निघत नाही. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि बाटलीत ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. पिंप ओक लाकडाचे, आतून जाळून काळे केलेले आणि कोरे असले पाहिजे. शेवटचा नियम असा, की बर्बनमध्ये पाण्याशिवाय काहीही मिसळता येत नाही. रंगासाठी कॅरॅमल घालण्याची मुभा स्कॉचला आहे, बर्बनला नाही. म्हणून ग्लासात दिसणारा तो तांबूस, विटकरीकडे झुकणारा रंग सगळा लाकडातून आलेला असतो.

मक्यानंतर दुसरे धान्य कोणते, यावर चवीचा मोठा फरक अवलंबून असतो. धान्यांच्या या प्रमाणाला तिथे मॅश बिल म्हणतात. बहुतेक बर्बनमध्ये दुसरे धान्य राय असते. ते गव्हाच्या जवळचे, पण चवीला तिखट धान्य आहे आणि त्यातून मिरी, दालचिनी, पुदिना अशी टोचणारी बाजू येते. काही जण रायऐवजी गहू वापरतात. मेकर्स मार्क हे त्याचे आपल्याकडे सहज दिसणारे उदाहरण, ज्यात ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के मोड आणून वाळवलेली बार्ली असते. राय नसल्याने ती मऊ लागते आणि ताज्या पावाकडे झुकते. मक्याऐवजी रायच ५१ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर ती व्हिस्की राय या नावाने विकली जाते आणि तिचा कोरडा तिखटपणा बर्बनहून स्पष्टच वेगळा असतो.

जॅक डॅनियल्सची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचे मॅश बिल ८० टक्के मका, १२ टक्के बार्ली आणि ८ टक्के राय असे आहे, म्हणजे धान्याच्या हिशेबाने ती बर्बनच्या चौकटीत बसते. मात्र पिंपात भरण्याआधी ती शुगर मेपल झाडाच्या कोळशाच्या सुमारे दहा फूट थरातून ठिबकत गाळली जाते. टेनेसी राज्याने २०१३ मध्ये कायदा करून ही गाळणी ‘टेनेसी व्हिस्की’ या नावासाठी सक्तीची केली. गाळल्याने कच्च्या मद्याचा काही खरखरीतपणा निघून जातो. तिच्यात अनेकांना पिकलेल्या केळ्याचा वास येतो. तो आंबवताना यीस्टने तयार केलेल्या एका सुवासिक संयुगाचा असतो, त्यासाठी कुणी केळे घातलेले नसते.

कोऱ्या पिंपाचा हिशेब

स्कॉच बहुधा आधी वापरलेल्या पिंपात मुरते, बर्बनला मात्र प्रत्येक वेळी कोरे पिंप लागते. या एका फरकातून बाकीचे जवळजवळ सगळे समजते. चहाची पूड पहिल्यांदा उकळली की रंग, वास आणि कडूपणा झपाट्याने उतरतात, आणि जास्त वेळ आचेवर राहिली तर चहा कडूजहर होतो. तीच पूड दुसऱ्यांदा उकळली तर कितीही वेळ ठेवली तरी तिचा जोर बेताचाच असतो. बर्बन ही पहिली उकळी आहे आणि स्कॉच दुसरी किंवा तिसरी.

लाकडातून नेमके काय उतरते, तेही ठाऊक आहे. ओकमधले लिग्निन तापले की त्यातून व्हॅनिलिन सुटते, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेत असते तेच संयुग. लाकडातली हेमीसेल्युलोज जळताना तिची साखर होते आणि ती करपून कॅरॅमलसारखी, आपल्या जिभेला काकवी किंवा चिक्कीच्या पाकासारखी, चव देते. अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्ये भरपूर असतात आणि त्यांचा वास सुक्या खोबऱ्यासारखा येतो. लवंगेत असते ते युजेनॉलही थोडे असते. आणि याच लाकडात टॅनिन असते, जे जीभ आक्रसून टाकते आणि फार झाले तर काढ्यासारखे कडवट लागते.

त्यात केंटकीचे हवामान भर घालते. सुमारे दोनशे लिटरची पिंपे तिथे अनेक मजली गोदामांत ठेवतात आणि उन्हाळ्यात वरचे मजले भट्टीसारखे तापतात. उष्णतेने मद्य फुगून लाकडात शिरते, थंडीत आकुंचन पावून बाहेर येते, आणि येताना लाकडातले सगळे सोबत आणते. दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. गंमत म्हणजे वरच्या तापलेल्या, कोरड्या मजल्यांवर अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडते आणि पिंपातली व्हिस्की वर्षागणिक अधिक कडक होते, तर थंड, दमट स्कॉटलंडमध्ये नेमके उलट घडते. त्यामुळे एकाच दिवशी भरलेली, एकाच मद्याची दोन पिंपे, एक वरच्या आणि एक तळमजल्यावर ठेवली तर, काही वर्षांनी दोन वेगळ्या व्हिस्कीसारखी लागू शकतात.

मग वय पाहायचेच नाही का?

पाहायचे, पण वेगळ्या अपेक्षेने. साधारण चार ते दहा वर्षांच्या टप्प्यात बर्बन चांगल्या स्थितीत असते, असे माझे मत आहे आणि ते जगावेगळे नाही. दोन वर्षांची व्हिस्की अनेकदा कच्च्या मक्याच्या पिठासारखी लागते. पंधरा-वीस वर्षांनंतर लाकूड बाकी सगळ्यावर कुरघोडी करू लागते. इतकी वर्षे मुरूनही गोडवा टिकवणाऱ्या बाटल्या असतात, पण त्यासाठी पिंपे मुद्दाम खालच्या, थंड मजल्यांवर ठेवावी लागतात आणि बरीचशी व्हिस्की उडून गेलेली असते. पॅपी व्हॅन विंकल या बर्बनच्या वीस आणि तेवीस वर्षांच्या बाटल्यांसाठी लोक छापील किमतीच्या कित्येक पट मोजतात. त्या पैशात दुर्मिळतेचा वाटा मोठा आहे आणि चवीचा किती, याविषयी चाखणाऱ्यांतच एकमत नाही.

लेबलवरचे कामाचे शब्द

‘स्ट्रेट’ हा पहिला. याचा अर्थ किमान दोन वर्षे मुरलेली आणि रंग किंवा स्वाद न मिसळलेली. चार वर्षांपेक्षा कमी वय असेल तर ते लेबलवर लिहावेच लागते. म्हणजे ‘स्ट्रेट’ असूनही वय लिहिलेले नसेल, तर ती किमान चार वर्षांची आहे असे धरून चालता येते. रायच्या बाबतीत हा शब्द अधिक महत्त्वाचा, कारण बर्बन नसलेल्या आणि ‘स्ट्रेट’ नसलेल्या काही व्हिस्कींमध्ये अडीच टक्क्यांपर्यंत रंग-स्वाद मिसळण्याची परवानगी आहे.

‘बॉटल्ड-इन-बाँड’ हा शब्द त्याहून वजनदार आहे आणि त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मध्यस्थ व्यापारी कच्च्या मद्यात आलुबुखाऱ्याचा रस, तंबाखू असे काहीबाही घालून ते जुनी व्हिस्की म्हणून खपवीत. केंटकीतले एडमंड टेलर यांच्यासारखे कारखानदार आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये यावर कायदा झाला. एकाच कारखान्यात, एकाच हंगामात बनलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची व्हिस्कीच हे नाव लावू शकते. स्वस्तात खात्रीची बाटली हवी असेल तर अमेरिकेतले जाणकार अजूनही हाच शब्द शोधतात, आणि तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनाही मी तेच सुचवीन.

‘सिंगल बॅरल’ म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की. १९८४ मध्ये केंटकीतले व्हिस्की बनवणारे एल्मर ली यांनी ब्लँटन्स ही बर्बन बाजारात आणून हा प्रकार रूढ केला. ती अधिक चांगली असेलच असे नाही. ती फक्त इतर पिंपांत मिसळून एकसारखी केलेली नसते, म्हणून आवडलेली बाटली संपल्यावर पुढची थोडी वेगळी निघू शकते. ‘स्मॉल बॅच’ला कायद्यात व्याख्याच नाही. दहा पिंपे असोत की काही शे, शब्द तोच लागतो.

मागच्या बाजूची बारीक अक्षरेही वाचावीत. तिथे कुठे ऊर्ध्वपातन झाले त्या राज्याचे नाव सापडते. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्ग गावी एक प्रचंड कारखाना आहे, जो दुसऱ्या अनेक ब्रँडना तयार व्हिस्की पुरवतो. ९५ टक्के राय असलेली, किंचित शेपूसारख्या वासाची त्याची राय कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. केंटकीतही एक लॉरेन्सबर्ग आहे आणि वाइल्ड टर्कीचा कारखाना तिथला, त्यामुळे फक्त गावाचे नाव वाचून भले भले फसतात. विकत घेतलेल्या व्हिस्कीत कमीपणा काही नाही. आजोबांच्या गुप्त कृतीची कथा पुढे लावून ती विकली जाते, तेव्हा मात्र जास्त पैसे कथेचे जातात.

घरी कसे चाखावे?

आधी कायद्याचे: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि परवानाही लागतो, गोव्यात वयाची अट १८ वर्षे आहे. चाखणे म्हणजे पिणे नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे. एका वेळी तीन प्रकार आणि प्रत्येकी १५ ते २० मिलीलिटर पुरेसे होतात; स्पर्धांतले परीक्षक तर तोंडात घोळवून थुंकतात.

ग्लास वरच्या बाजूला निमुळता हवा. खास ग्लास नसेल तर लहान वाइनग्लास चालतो. रुंद तोंडाच्या ग्लासात वास पसरून जातो. रिकामा ग्लास आधी हुंगून पाहावा, कारण भांडी धुण्याच्या साबणाचा किंवा कपाटातल्या लाकडाचा वास त्यात राहिला असेल तर पुढचे सगळे फुकट. ओतल्यावर पाच-दहा मिनिटे तसेच ठेवावे. मग नाक ग्लासात खुपसू नये. ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणावा आणि तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा, म्हणजे अल्कोहोलचा भपका नाक बधिर करत नाही.

पहिला घोट चवीसाठी नसतोच. तो जिभेला अल्कोहोलची ओळख करून देण्यासाठी असतो, म्हणून त्यावरून मत बनवू नये. ‘घशाला लागते’ ही तक्रार बहुधा या पहिल्या घोटाची असते. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवावा आणि तीन प्रश्न विचारावेत. गोडवा कशाचा आहे: पाकाचा, फळाचा की नुसता मक्याचा? मधे काय येते: मसाला, खोबरे, भाजके शेंगदाणे? (जिम बीममध्ये शेंगदाणे अनेकांना जाणवतात.) आणि गिळल्यावर मागे काय रेंगाळते? परीक्षण खरे या शेवटच्या प्रश्नावर होते. सुरुवातीला जवळपास सगळ्याच बर्बन गोड लागतात, कारण कोऱ्या लाकडाची ती हमीच आहे; फरक शेवटी पडतो. गोडवा सरल्यावर मसाला आणि सुका मेवा हळूहळू उतरत गेला तर व्हिस्की चांगली जमली आहे. जीभ कोरडी पडून पेन्सिलचे टोक चावल्यासारखे वाटले, तर लाकूड जास्त झाले आहे. छातीत उतरणारी ऊब ही चव नव्हे. केंटकीत तिला कौतुकाने ‘केंटकी हग’ म्हणतात, पण तिच्यासाठी गुण देऊ नयेत.

आणखी एक साधी परीक्षा आहे. रिकामा झालेला ग्लास न धुता रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी हुंगावा. अल्कोहोल उडून गेलेले असते आणि तळाशी चिकटलेल्या पिवळसर कड्याला लाकूड, व्हॅनिला, राख यांचा नितळ वास येतो. दोन व्हिस्कींमधला पिंपाचा फरक इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच वेळी कळत नाही.

पाणी आणि बर्फ घातला तर वाया जाते का?

नाही. कारखान्यानेच बाटलीत भरण्यापूर्वी बहुधा पाणी घातलेले असते, तेव्हा आपण घातलेल्या थोड्या पाण्याने काही पाप होत नाही. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपावरून दाखवले की अल्कोहोलचे प्रमाण कमी असेल तेव्हा ग्वायाकोल हे धुरकट वासाचे संयुग द्रवाच्या पृष्ठभागाजवळ गोळा होते आणि प्रमाण फार जास्त असेल तर ते आत विखुरते. तुलना करताना तर पाणी आवश्यकच आहे. ४० टक्क्यांची एक आणि ५० टक्क्यांची दुसरी अशा दोन व्हिस्की जशाच्या तशा समोर ठेवल्या, तर कडक असलेली एकतर ‘दमदार’ ठरते किंवा ‘जहाल’, आणि दोन्ही वेळा निकाल अल्कोहोलचा असतो. ५० टक्क्यांच्या २० मिलीलिटरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर, पाणी घातले की ती बरोबर ४० टक्क्यांवर येते. अमेरिकी लेबलवर ‘प्रूफ’ लिहिले असेल तर तो आकडा निम्मा करावा. १०१ प्रूफ म्हणजे ५०.५ टक्के.

बर्फाचे वेगळे आहे. थंडीने वास दबतो आणि लाकडाचा कडवटपणा पुढे येतो, म्हणून परखताना बर्फ नको. मौजेने पिताना हरकत नाही. मात्र ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे. नागपुरात मे महिन्यात पंख्याखालची खोली ३५ अंशांची असते आणि त्या तापमानाला कुठलीही व्हिस्की नाकाला झोंबते. अशा वेळी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून, हाताला जेमतेम गार लागेपर्यंत थंड करावी.

बारमध्ये काय पाहावे?

बारमध्ये खाण्याचे वास, गोंगाट आणि मंद दिवे असल्याने बारीक परीक्षण होत नाही. बारचा खरा फायदा असा, की न परवडणारी बाटली एका पेगपुरती परवडते. अमेरिकेतल्या बारमध्ये एक माप साधारण ४४ मिलीलिटरचे असते आणि बर्बनचा चांगला संग्रह असलेल्या ठिकाणी तीन-चार प्रकार थोडे थोडे एकत्र मिळतात, ज्याला फ्लाइट म्हणतात. आपल्याकडे तीस मिलीलिटरचा पेग मागवून सोबत वेगळे पाणी आणि दांड्याचा ग्लास मागावा. बाटली टेबलाशी आणून ओतायला सांगणे गैर नाही. बाटलीत तळाशी दोन बोटे उरली असतील आणि ती महागडी असेल, तर कधी उघडली ते विचारावे. महिनोन्‌महिने अर्ध्या हवेसोबत राहिलेली व्हिस्की सपाट होते आणि तिच्यावरून त्या ब्रँडविषयी मत बनवणे अन्यायाचे ठरते. ओल्ड फॅशन्ड किंवा मॅनहॅटनसारख्या कॉकटेलवरून तर व्हिस्की जोखूच नये, कारण साखर आणि व्हर्मूथ (वनस्पती-मसाल्यांनी सुवासिक केलेली वाइन) बरेच काही झाकतात.

चव ज्याची त्याची, मग परीक्षण कशाला?

आवड ज्याची त्याची असते, हे मान्य. पण आवड आपली आहे की किमतीच्या चिठ्ठीची, हे तपासता येते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून दिली, तेव्हा महाग सांगितलेली लोकांना अधिक आवडली आणि मेंदूतल्या सुखाशी निगडित भागातही तशी हालचाल दिसली. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच ती जास्त चांगली लागत होती. व्हिस्कीच्या बाबतीत वेगळे घडेल असे मानायला कारण नाही. म्हणूनच चांगल्या स्पर्धांत बाटली लपवून परीक्षण होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत ‘डबल गोल्ड’ तेव्हाच मिळते, जेव्हा सगळे परीक्षक स्वतंत्रपणे सुवर्ण देतात. अर्थात स्पर्धेत जी बाटली पाठवलीच नाही, तिच्याविषयी पदक काहीच सांगत नाही.

घरी हेच करायचे तर घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगावे: दोनांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तीनांतून एकदा बरोबर येतेच. सलग तीन वेळा ओळखले तर तो योगायोग असण्याची शक्यता सत्तावीसात एक. ज्या दोन बाटल्यांतला फरक असा ओळखता येत नाही, त्यांतली स्वस्त घ्यावी. गव्हाची मेकर्स मार्क आणि रायची कोणतीही बर्बन यांच्यापासून सुरुवात केली तर फरक बहुतेकांना लवकर सापडतो आणि धीर येतो.

वापरून झालेली पिंपे कुठे जातात?

नियमामुळे बर्बनचे पिंप एकदाच वापरता येते. रिकामे झाले की ते स्कॉटलंड, आयर्लंड, कॅरिबियन बेटे आणि भारतात विकले जाते. गोव्यात बनणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की) अशाच पिंपांत मुरते, आणि तिथल्या उकाड्यात दरवर्षी उडून जाणारा हिस्सा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो, म्हणून पाच-सात वर्षांत ती बाटलीत भरण्याजोगी होते. एका ग्लासात बर्बन आणि शेजारच्या ग्लासात बर्बनच्या पिंपात मुरलेली गोव्याची माल्ट घेऊन पाहावी. दोन्हींत जे सारखे लागेल, व्हॅनिला, खोबरे, किंचित काकवी, ते लाकडाचे. बर्बनमध्ये उरेल तो मका आणि राय, आणि गोव्याच्या ग्लासात उरेल ती बार्ली.